मुळशीच्या गाळातला दगड

पौड मागे पडलं तशी एस.टी. रिकामी होत गेली. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मे महिन्यातली सकाळ होती, खिडकीतून धुरळा आत येत होता आणि माझ्या मांडीवर नवी कोरी चामड्याची पिशवी होती. तिच्यात होकायंत्र, मोजपट्टी आणि टिपणवही. पुरातत्त्व खात्यात शिकाऊ म्हणून लागून मला वर्ष होत आलं होतं. चर कसा आखायचा, मातीचे थर कसे ओळखायचे, खापरांवर क्रमांक कसे घालायचे, हे शिकून झालं होतं. आता शेवटचा भाग उरला होता. पंधरा दिवस मुळशी खोऱ्यात हिंडून जुनी लेणी, पाण्याची टाकी, वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या स्मृतिशिळा) यांची पाहणी करायची आणि अहवाल लिहायचा. तो पसंत पडला की मी सहायक होणार होतो.

सोबत खात्याने मुकादम विठोबांना दिलं होतं. पन्नाशीचे, नगरकडचे, चौथी शिकलेले. वीस-बावीस वर्षं ते खोदकामांवर होते. चरात उतरून बोटांत माती चुरडायचे आणि थर बदलला की सांगायचे. आमच्या प्रमुखांपासून माझ्यापर्यंत सगळे त्यांच्या शेजारी उकिडवे बसूनच माती ओळखायला शिकले. शिकलेले पुढे साहेब झाले, विठोबा मुकादमच राहिले. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती, त्यांच्याकडे नव्हती, इतकी ती सरळ गोष्ट होती.

मुळशीत सीतारामभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत आमची सोय झाली. घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यामुळे धरणाचं पाणी खूप मागे हटलं होतं आणि काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पलीकडे डोंगराच्या रांगा धुरकट निळ्या दिसत. सीतारामभाऊंची आई पार्वतीबाई आम्हाला तांदळाची भाकरी आणि तलावातल्या माशाचं कालवण वाढायची. आम्ही कशासाठी आलो आहोत हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं. जुन्या वस्तू बघायला, असं मी सांगितलं, तर म्हणाली, किती जुन्या? हजार-दोन हजार वर्षांच्या, असं मी ऐटीत उत्तर दिलं. तिने मान डोलावली आणि आत गेली.

पहिले चार दिवस डोंगरात गेले. धनगरवाड्याजवळ दोन टाकी सापडली, एका देवळामागे शेंदूर फासलेला वीरगळ. सगळं ठीक होतं, पण कुणाला सांगावं असं काही नव्हतं. पाचव्या दिवशी परत येताना गाळातून वाट काढली. घोट्यापर्यंत गाळात रुतलो, चप्पल तुटली, ती काढायला वाकलो तर समोर एक आडवा काळा दगड दिसला. पाण्याने धुतलेला. त्यावर ओळीने रेघा होत्या, काही उभ्या, काही तिरक्या. या वाटेनं कोकणातून घाटावर व्यापार चालायचा. इथे शिलालेख असायला काहीच हरकत नव्हती.

विठोबा खाली बसले. त्यांनी एका रेघेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीवरून. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की छिन्नीने कोरलेली रेघ जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे तिला धार असते. या रेघा मधे खोल होत्या आणि दोन्ही टोकांना विरत गेल्या होत्या.

"हे घासल्यालं हाय साहेब, कोरल्यालं न्हाई."

पाण्याने झीज झाली असेल, असं मी म्हणालो. ते आणखी एकदा काही बोलणार होते, पण माझा चेहरा पाहून उठले आणि हात झटकले. मी त्याच दुपारी पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ प्रमुखांसाठी चिठ्ठी दिली. शिलालेख सापडला आहे, कृपया पाहायला यावे. दुसऱ्या दिवशी निरोप आला, शुक्रवारी येतो.

गुरुवारी मी दगडाचा ठसा घेत बसलो होतो. पार्वतीबाई शेळी शोधत काठाने आली. दगडाशी थबकली. मग खाली बसून तिने त्या खोलगट रेघेत हात ठेवला, सवयीची जागा असावी तसा.

"ह्यो आमच्या वड्याकडंचा दगूड," ती म्हणाली. "हितं आमी बायका इळं पाजवायचो. भात कापायच्या आदी."

वडा म्हणजे ओढा, इळं म्हणजे विळे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. गाव इथेच होतं, आम्ही उभे होतो त्या गाळाखाली. मला तिच्याकडे बघवेना. इतके दिवस तिच्या हातची भाकरी खात होतो, आणि या गाळाखाली काय होतं हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

विठोबांनी विचारलं. तुमचं घर कुटं व्हतं, आक्का? ती उठली आणि चालायला लागली. हे देऊळ, ही विहीर, हा आमचा उंबरा, इथे चुलत दिराचा गोठा. ती सांगेल तिथे विठोबा खुंट्या ठोकत गेले, आणि मी मागोमाग मोजपट्टी धरत गेलो. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत एका गावाचा नकाशा उतरला होता. एके ठिकाणी ती थांबली आणि तिथे खुंटी ठोकू नका म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

शुक्रवारी प्रमुख जीपने आले. चूक माझी आहे, मुकादमांनी आधीच सांगितलं होतं, हे मी दगडापाशी पोचण्याआधीच सांगून टाकलं. त्यांनी दगड पाहिला, मग विठोबांकडे पाहिलं, मग नकाशा मागितला. तो त्यांनी उन्हात उभं राहून बराच वेळ वाचला.

"हे आपल्या खात्याचं काम नाही," ते म्हणाले. "पण अहवालाला जोडा. आणि घाईनं चिठ्ठी पाठवणाऱ्याला मी एवढ्यात सहायक करणार नाही. आणखी सहा महिने शिका."

परतताना एस.टी.त मी विठोबांना विचारलं, तुम्ही मला जोर देऊन का अडवलं नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिकाऊ साहेबाला त्यांनी चारचौघांत चूक दाखवली होती, म्हणाले. पुढचे दोन हंगाम त्यांना कामावर बोलावणं आलं नाही. "आता एकदा सांगतो. दुसऱ्यांदा न्हाई."

पुढे सहा महिन्यांनी मी सहायक झालो, काही वर्षांनी अधिकारी. विठोबांना बढती मिळावी म्हणून मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा कागद परत आला, शिक्षण पुरेसं नाही. ते मुकादम म्हणूनच निवृत्त झाले. नवे शिकाऊ येत राहतात. त्यांचा पहिला महिना मी साहेब लोकांबरोबर जाऊ देत नाही, मुकादमांच्या हाताखाली घालतो. ते पहिला अहवाल आणून देतात, तेव्हा मी नकाशे आणि मोजमापं नंतर बघतो. आधी पानं उलटून एवढंच शोधतो, की हे अमक्या माणसाने सांगितलं, असं त्याचं नाव घालून कुठे लिहिलं आहे का.