गुडघ्यांवरची फेरी

कल्पना करा, सकाळचे साडेसात वाजलेत आणि तुम्हाला बालवाडीच्या अंगणात गुडघ्यांवर रांगायचंय. मुलं नऊला येतील. त्याआधी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे मीटरभराच्याही खालून, सगळं बघायचं: ओंडक्यांखाली, झुडपांच्या आत, चिखल कालवायच्या भांड्यांत. काच, खिळा, काटा, गांधीलमाशी. उभ्याने यातलं निम्मंही दिसत नाही.

हे काम तिथली एक ताई अकरा वर्षं करतेय. मुलांनी तिचं नाव मुंगीताई ठेवलंय. नवरा म्हणायचा, "माझ्यापुढे कधी गुडघे टेकले नाहीस, आणि त्या पोरांपुढे रोज." ती म्हणायची, "ती ऐकतात तरी."

एका मंगळवारी गुडघा सुजला होता. तिने उभ्यानेच फेरी मारली आणि तपासणीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली. साडेदहाला चार वर्षांच्या एका मुलीने आडव्या खोडाच्या पोकळीत हात घातला. पोकळी दिसली की आत कोण राहतं ते बघायचं, ही सवय तिला मुंगीताईनेच लावलेली. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मुलगी तीन दिवस दवाखान्यात होती.

आपण वाकलोच नव्हतो, हे तिने त्याच दुपारी मोठ्या बाईंना सांगून टाकलं. बाईंनी तक्त्यावरची खूण पाहिली. मग म्हणाल्या, "हे घरच्यांच्या कानावर जायला नको. दोष अंगणाला देऊ. अंगण काही उलटून बोलत नाही."

खोड उचलून नेलं. चिखल बुजवून वर रबराच्या लाद्या बसवल्या. मुंगीताईला रडू आलं नाही. जेवायची, झोपायची, नवऱ्याने काही विचारलं की हो म्हणायची. फेरीही चालूच होती. लाद्यांवर गुडघे दुखत नाहीत, एवढं तिच्या लक्षात आलं.

महिन्याभराने मुलीची आई दाखला न्यायला आली. मुंगीताईने खुंटीवरचे लहान गमबूट काढून पुसले आणि पिशवीत घालून दिले. आई म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त असायचे. तुमचा काय दोष?"

सांगायचं तर तेव्हाच होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिने नुसती पिशवीची गाठ घट्ट केली. आई गेली.

याला दोन वर्षं झाली. मला हे सांगताना तिचा आवाज कुठेच कापला नाही. त्या आईची माफी मागण्याचं मी काढलं, तर ते तिने बाजूला सारलं. तिला त्या मुलीबद्दल एवढंच कळायला हवंय: ती अजून पोकळीत हात घालते का?