कारणाचा रकाना

माधव नगरातले आमचे शेजारी सुहास देवस्थळी हवाई दलात हवामानाच्या कामावर होते. शेवटची अकरा वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं: आकाशात कुणाला काही विचित्र दिसलं, की त्याची चौकशी करायची. त्यासाठी छापील फॉर्म असे. वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची आणि शेवटी कारण. उंची मोजायला ते हात लांब करून मूठ धरत. एक मूठ म्हणजे दहा अंश. कारणं निघत ती साधीच. फुगे, पतंग, विमानाचे दिवे, एकदा तर उन्हात चमकणारे बगळे. तो रकाना सुहासरावांनी कधी रिकामा सोडला नाही.

निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. गल्लीतल्या विहंग जोशींना गच्चीवरून देवळावर दिव्य प्रकाश दिसला, तेव्हा सुहासरावांनी त्यांना चालत मोबाइल टॉवरपर्यंत नेलं आणि वरचा दिवा दाखवला. जोशी दोन वर्षं बोलले नाहीत.

म्हणून मुलीचं, अश्विनीचं, लग्न ठरत आलं तेव्हा तिनं वडिलांना आधीच समोर बसवलं. नवरा मुलगा मंदार, त्याचे वडील यज्ञेश्वरराव मानी गृहस्थ. फ्रीगंजात त्यांचं चष्म्यांचं दुकान. दोन महिने रोज पहाटे दूध आणायला जाताना त्यांना पूर्वेला उडती तबकडी दिसत होती. वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली होती. त्या बातमीवर सख्खा मेव्हणा हसला, तर त्याच्या घरी जाणं त्यांनी बंद केलं होतं.

"बाबा, ते तबकडी म्हणाले तर तबकडी," अश्विनी म्हणाली. सुहासरावांनी शब्द दिला.

बैठकीला मीही होतो. अश्विनी शाळेत माझी विद्यार्थिनी होती. पोहे झाले, त्यावर दोनदा शेव झाली आणि यज्ञेश्वररावांनी लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं. आपली स्कूटर धावली की तबकडीही धावते, असं ते सांगू लागले.

"मैं रुका, तो वो भी रुकी. आणि रोज थोडी खाली येतेय, सुहासराव. एक दिवस उतरणार."

सुहासरावांची मूठ आपोआप वर उठली. अश्विनीनं त्या हातात चहाचा कप दिला.

मग तारखेचा विषय निघाला. मंदारला सुटी मे महिन्यात होती. सुहासरावांच्या पत्नी कुसुमताईंनी खिळ्यावरचं पंचांग काढलं, चाळलं आणि मे-जूनमध्ये मुहूर्तच नाही म्हणाल्या. शुक्राचा अस्त. यज्ञेश्वरराव पंचांग मानणारे. अस्त कधीपासून, असं त्यांनी विचारलं. एप्रिलअखेर, पूर्वेला, असं कुसुमताईंनी वाचून दाखवलं. तोवर शुक्र पहाटे पूर्वेलाच दिसेल, रोज थोडा थोडा खाली, हेही त्या भाबडेपणानं सांगून गेल्या.

यज्ञेश्वररावांनी कात्रण पालथं ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

अश्विनी वडिलांकडे बघत होती. मंदार पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे.

"हो," सुहासराव म्हणाले. "पण आमच्याकडे एका स्क्वाड्रन लीडरनं याच शुक्राचा पाठलाग केला होता. विमानातून. तुम्ही तर स्कूटरवर होता."

यज्ञेश्वररावांनी यावर विचार केला. "किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं."

"मी वीसच," ते म्हणाले आणि त्यांनी शेव मागितली.

लग्न जुलैत झालं, शुक्राचा उदय झाल्यावर. आता दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना यज्ञेश्वरराव त्या स्क्वाड्रन लीडरची गोष्ट सांगतात. पाठलाग सध्या सव्वा तासावर गेला आहे.

मी मात्र एकदा सुहासरावांना गाठलंच. इतक्या वर्षांच्या शेजारात या अधिकाऱ्याचं नाव कधी निघालं नव्हतं. ते म्हणाले, की तो स्क्वाड्रन लीडर नव्हता आणि विमानही नव्हतं. नुकता भरती झालेला एक पोरगा होता, सायकलवर. पस्तीस मिनिटं मात्र खरी.

मी नाव विचारलं. त्यांचे कान लाल झाले.

"सर, एवढा एक रकाना रिकामा राहू द्या."