डोळ्यांदेखतची धार

कोल्हापुरात गंगावेशीतल्या गवळी आकारामचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकानंही आपल्यावर ठेवू नये, म्हणून तो संध्याकाळी म्हैस दूधकट्ट्यावर आणून समोरच धार काढून द्यायचा.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या बायकोचं, बायडाबाईचं, चिरलेलं बोट चिघळलं आणि विष रक्तात भिनलं. दवाखान्यात इंजेक्शनं टोचूनही ताप हटेना. आकारामच्या मनात पाल चुकचुकली. इथंबी पाणी मिसळत्यात!

"डाक्टर, बाटली माझ्या म्होरं फोडा की!"

डॉक्टरांनी सीलबंद बाटली त्याच्यापुढंच उघडली. "औषध अस्सल आहे. यांच्या रक्तातले जंतूच त्याला सरावलेत. आधी कधी घेतलं होतं का?"

"कवाच न्हाय!" म्हणत त्यानं बाटली हातात घेतली आणि वरचं नाव ओळखलं. म्हशीची कास सुजली की तो स्वतः टोचायचा, ते हेच औषध. सूज उतरली की बंद, डोस अर्धाच राहायचा. आणि सकाळी त्याच कासेची धार बायडाबाई काढायची, चिरलेल्या बोटानंसुद्धा.

डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. आकाराम कट्ट्यावर परतला. गिऱ्हाइकानं पेला पुढं केला.

"दुधात काय न्हाय न्हवं, आकाराम?"

म्हैस समोर होती, धार समोर होती. तरी त्याच्या तोंडून "न्हाय" निघेना.