दर्शनाचं मिठागर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तालुक्यातल्या शिक्षकांना तर मुळीच नाही — कारण त्यांना दर वर्षी मीच शिकवते, की इंटरनेटवरची माहिती वर्गात नेण्याआधी कशी पारखायची. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणखी कुठे पडताळून पाहिलं का? छान बोलते मी. टाळ्या पडतात.

काही वर्षांपूर्वी उरणकडच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. मिठाचा पाठ एका शैक्षणिक वेबसाइटवरून जसाच्या तसा उचलला. रंगीत चित्रं, खाली ढीगभर शिक्षकांचे 'धन्यवाद सर' — आणखी काय बघायचं? त्यात होतं, मिठागरातलं पाणी पूर्ण आटलं की मीठ गोळा करतात.

दर्शना उठली. तिचं घरच मिठागरावर राबणारं.

"बाई, पानी पार आटवलं तं मीठ कडू व्हतं. आजा पानी हाय तवाच ओढतो."

मी काय म्हणाले? "तुझ्या आजानं वेबसाइट काढलीय का?" वर्ग हसला. हसावा म्हणूनच बोलले होते.

इथवर अज्ञान म्हणाल. थांबा.

रविवारी मी मिठागरावर गेले — तिला खोटं पाडायलाच. तिचा आजा घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून मीठ ओढत होता. कडेच्या एका खड्ड्यातलं पाणी पुरतं सुकलं होतं. तिथला खडा त्यानं माझ्या हातावर ठेवला. चाखला. कडू. नातीच्या बाई आल्या म्हणून चांगल्या मिठाची पिशवीही दिली. मी घेतली.

आणि सोमवारी? विज्ञान प्रदर्शनासाठी एक मॉडेल निवडायचं होतं. दर्शनानं मिठागर केलं होतं — तळाशी मीठ, वर पाणी. सगळ्यांत चांगलं तेच होतं. मी ते 'चुकीचं' म्हणून बाद केलं. पाठवलं असतं तर ती बरोबर ठरली असती, आणि मी? वर्षभर ती पुन्हा वर्गात काही बोलली नाही.

आता प्रशिक्षणात तेच पान पडद्यावर दाखवते. "एक शिक्षिका अशी फसली," म्हणते. सगळे हसतात. मीही हसते.

हे लिहिताना माझे डोळे वगैरे भरलेले नाहीत. बिचारी बाई म्हणायचं असेल तर म्हणू नका, मला राग येईल. वर्गात पाठ घेतला तेव्हा वेबसाइटनं मला फसवलं असेल. सोमवारी मला कुणीही फसवलं नव्हतं. ते मॉडेल मी माझ्या हातानं उचलून कपाटावर ठेवलं, तिच्या डोळ्यांदेखत.