किल्ल्यातलं मीठ

बुधाजीने कामाच्या बाबतीत जन्मात कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. घरी सखुबाई बोलायची ते वेगळं. बायकोचं बोलणं धरायला गेलं तर जगात एकही पुरुष ताठ मानेने फिरणार नाही. पण मिठागरावर चाळीस वर्षं काढली, आणि त्याच्या वाफ्यातल्या मिठाला कुणी नाव ठेवलं नाही. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करायचा, की खारं पाणी जिरता कामा नये आणि मिठात चिखल येता कामा नये. हे तुडवणं बुधाजीसारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे.

मग मिठागराची जागा गोदामांना गेली. मुलगा दिपेश ट्रकवर लागला आणि बुधाजी ओटीवर बसला. बसणं त्याला मानवलं नाही. गुडघे धरले, भूक मेली, वर सखुबाईचं तोंड अष्टौप्रहर समोर. अशात खाडीच्या तोंडावरच्या जुन्या किल्ल्याची बाग झाली. पूर्वी तिथे निवडुंग आणि शेळ्या असत. आता तिकीट आलं, बाकडी आली आणि तोफेवर बसून फोटो काढणारी माणसं आली. ‘तोफेवर बसू नये’ ही पाटी तोफेलाच टेकवलेली. बागेचा मुकादम प्रज्योत गावचाच. त्याने बुधाजीला माळी म्हणून घेतलं.

बुधाजीला बाग काय कळते? दारचा शेवगा सोडला तर त्याने उभ्या जन्मात काही लावलं नव्हतं. पण सकाळी खाकी सदरा चढवून निघाला की त्याची पाठ ताठ व्हायची. भूकही परत आली.

फाल्गुनात वरून हुकूम आला, की बुरुजासमोर लॉन करायचं. दीड महिन्याने मोठ्या मॅडम तपासणीला येणार होत्या. “लॉन हिरवं दिसलं तर तुमची नोकरी पक्की,” प्रज्योतने सांगितलं, “नायतर घरी बसाल, बाबा. माझ्या हातात काय न्हाय.”

लाल माती आली, पसरली गेली. बुधाजीने त्यावर पाय ठेवला तर पाय घोट्यापर्यंत आत. अशी भुसभुशीत जमीन ठेवून काम झालं म्हणायचं? त्याला लाज वाटली. त्याने पाणी मारलं, चपला काढल्या आणि तीन दिवस एकट्याने ती माती तुडवली. बघायला आलेल्या लोकांनी त्याचे फोटो काढले. गडी खूश. मग वर गवताचे तयार पट्टे अंथरले. पाणी घातलं की वरच्या वर चमकत राहायचं. “एक थेंब फुकट जात न्हाय,” तो प्रज्योतला म्हणाला. प्रज्योतलाही बागेतलं तेवढंच कळत होतं, म्हणून त्याने मान हलवली.

चैत्र लागला आणि टँकर यायचा बंद झाला. बुधाजी अडून बसणारा नव्हे. त्याने किल्ल्यातल्या विहिरीत बादली सोडली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. गोड होतं. आता उन्हाळ्यातल्या उधाणाला ती विहीर मचूळ होते हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक. त्या तोंड फिरवतात. पण बुधाजीची जीभ चाळीस वर्षं मिठागराचं दाट पाणी चाखून ठरलेली. त्या मापाने विहिरीचं पाणी सरबतच. त्याने रोज चाळीस बादल्या घातल्या.

गवत आधी पिवळं पडलं, मग वाळलं. तपासणीच्या आदल्या सकाळी त्याने एक पट्टा उचलला. खाली पांढरं होतं. बोट लावून त्याने जिभेवर ठेवलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पण खोटं कशाला बोला, त्याच वेळी पोटात कुठेतरी बरंही वाटलं. मिठाचा दाणा चांगला धरत होता.

प्रज्योतने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, “बाबा, गप राहा. मातीच खारी आली, असं मी लिहितो. माती देणारा बघून घेईल. तुमची नोकरी राहील.”

बुधाजीने पट्टा होता तसा परत अंथरला. रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी रुचिता मॅडम आल्या. वाळक्या लॉनकडे बघून त्यांनी विचारलं, “हे काय झालं?” प्रज्योतने तोंड उघडलं.

“माती चांगली व्हती, बाई,” बुधाजी मध्येच म्हणाला. “मी तुडवली, वर विहिरीचं पाणी घातलं. मीठ मीच पिकवलं.”

“पण असं करतं का कुणी?”

“मिठागरात असंच करतात.”

मॅडमनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी प्रज्योतने मान खाली घालून सदरा परत मागितला. बुधाजीने घडी करून दिला. निघताना त्याने फुटक्या कौलाने जमिनीवरचं पांढरं खरवडलं आणि रुमालात बांधलं.

घरी बोंबलाचं कालवण चुलीवर होतं. त्याने रुमाल सखुबाईपुढे ठेवला. “हे घाल.”

गावात बातमी पायाने येत नाही. तो मॅडमना काय बोलला, ते तिला दुपारीच कळलं होतं. जन्मात पहिल्यांदा ती काही बोलली नाही. चिमूटभर घातलं, ढवळलं, पळीतलं चाखलं.

“कडवट हाय,” ती हळूच म्हणाली.

बुधाजीने तिच्या हातातली पळी घेऊन चाखून बघितलं. “पयल्या खेपेचं हाय ना,” तो म्हणाला. “पयलं मीठ कडूच निघतं.”