पार्किंगमधला निओपेंटेन

निमकर मॅडम आज पहाटे गेल्या, आणि मला सकाळपासून सारखं हसू येतंय.

रडूही येतंय. पण हसू जास्त.

कामोठ्यात आमच्याच सोसायटीत त्या केमिस्ट्रीची ट्यूशन घ्यायच्या. मी बारावीला केमिस्ट्रीतच उडाले होते. पप्पांनी सांगून टाकलं होतं, "औंदा नाय जमला त न्हावा शेव्याला काकाचे हापिसान बसाचा."

कंटेनरच्या पावत्या फाडायच्या कल्पनेनेच मला ताप यायचा.

माझं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. पेंटेन आणि निओपेंटेन. दोघांत कार्बन पाच, हायड्रोजन बारा. मग एक छत्तीस डिग्रीला उकळतो आणि दुसरा साडेनऊलाच, असं का?

मॅडमनी अख्खी बॅच खाली पार्किंगमध्ये नेली.

आधी पाच-पाच जणांच्या दोन सरळ रांगा, पाठीला पाठ चिकटवून. मॅडम ओढून ओढून दमल्या, रांगा सुटेनात.

मग घोळके. मी मध्ये, चौघं चार बाजूंना, सगळ्यांची कोपरं बाहेर. दुसरा घोळका शेजारी आणला तर जेमतेम एक कोपर टेकलं. मॅडमनी हलकेच ढकललं आणि आम्ही वेगळे.

"साखळी सरळ असली की लांबीभर चिकटते, सुटायला जास्त उष्णता लागते. गोळा झाला की नुसता टेकतो, पटकन सुटतो. कळलं?"

कळलं. जन्मभरासाठी कळलं.

बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी डोळे मिटले आणि नकळत दोन्ही कोपरं बाहेर काढली. सुपरवायझर धावत आले. कोणाला इशारे चाललेत, म्हणाले.

"सर, निओपेंटेन करतेय."

मला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. पण पास झाले.

आज तुर्भ्याच्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये शिफ्ट सांभाळते. काय आधी उकळून वर जाणार, यावरच माझं पोट चालतं. पप्पा गावभर सांगतात, "पोरगी केमिकलवाली हाय."

दुपारी मॅडमना घेऊन गाडी गेटबाहेर पडली. आमची बॅच त्याच पार्किंगमध्ये खांद्याला खांदा लावून उभी. लोक पांगले, तरी आमच्यातलं कोणी हलेना.

मॅडमच्या थोरल्या जाऊबाई खाली आल्या. म्हणाल्या, "जा रे पोरांनो आता घरी. ती ओरडली असती."

तरी कोणी हलेना.

मग मीच दोन्ही कोपरं बाहेर काढली.

शेजारच्या प्रज्ञाने बघितलं, तिनेही काढली. मग सगळ्यांनीच. रडता रडता सगळे हसायला लागलो, आणि एकेक करून सुटलो.

मॅडम, खूप उष्णता लागली हो आज.

सावकाश जा. तुम्हाला आमचा सगळ्यांचा नमस्कार.