आम्ही जोडणार होतो तो कॉम्प्युटर

नेरला माझ्या खोलीत जो गेमिंग कॉम्प्युटर आहे, तो मी दुकानातून तयार आणला. हे सांगताना मला अजून अपराध्यासारखं वाटतं, कारण तो आम्ही दोघी मिळून जोडणार होतो.

दुसरी म्हणजे माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण. यवतमाळला होस्टेलवर तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. तिचं घर घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावर. याडीशी, म्हणजे आईशी, ती फोनवर गोरबोलीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत आणि बिघडलेल्या यंत्रांशी दोन्हीत. कॉलेजच्या लॅबमागे एका खोलीत बंद पडलेले कॉम्प्युटर रचून ठेवले होते. आमच्या सरांनी त्या खोलीची किल्ली आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "खोला, जोडा, काय करायचं ते करा. फक्त शॉक घेऊ नका."

तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून आम्ही एक जिवंत केला. आठ दिवस लागले. बटण दाबलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. तिनं रॅम काढली, पेन्सिलीच्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले, पुन्हा बसवली, आणि पंखा फिरला. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम चालायचा. स्पीकर नव्हता, म्हणून गाडीचा आवाज ती तोंडानं काढायची. वळण आलं की अंगासकट वळायची.

तिथंच तिनं ठरवलं की नोकरी लागली की आपण एक चांगला कॉम्प्युटर करायचा. वहीच्या शेवटच्या पानावर यादी झाली. कॅबिनेट मात्र काचेच्या झाकणाचंच हवं, असा तिचा हट्ट होता.

मी म्हटलं, "दुकानात तयार मिळते ना. आणला, लावला, झालं."

"तयार आणला त आपण काय केलं मंग?" ती म्हणाली. "इकत त कोनीबी घेते."

डिप्लोमा झाला आणि वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. सासर मुकुटबनला, कपाशी-सोयाबीनचं घर, माणसं चांगली. मला नेरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटचं काम मिळालं. नेर जिल्ह्याच्या एका टोकाला, मुकुटबन दुसऱ्या. आधी यवतमाळ, मग वणी, मग पुढची गाडी. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेलाही पोचणं होत नाही.

यादी मग फोनवर चालू राहिली. दोन-तीन महिन्यांनी ती सांगायची, "तो प्रोसेसर जुना झाला आता, खोड त्याले. नवा लिही." मी खोडायची, लिहायची. वावरातून बोलायची तेव्हा मागं वाऱ्याचा आवाज असायचा. कधी येतेस, विचारलं की म्हणायची, "पेरण्या होऊ दे." मग, "कापूस घरात येऊ दे." मग तिला मुलगी झाली.

"थांब व, मी येतो. माह्याबिना हात नोको लावू."

मी थांबले. खरं सांगायचं तर मला त्या थांबण्याचा कंटाळा नव्हता. कॉम्प्युटर जोडलेला नव्हता तोवर तिचं येणं बाकी होतं.

मग एका उन्हाळ्यात कॉलेजला सुट्या लागल्या. खोलीवर मी एकटी, बाहेर ऊन, आणि तिचा फोन येऊन दीड महिना झालेला. यवतमाळला चष्मा बदलायला गेले होते, तिथून कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. खिशात यादी होती. दुकानदारानं ती वाचली आणि परत दिली.

"मॅडम, यातल्या निम्म्या वस्तू आता येतच नाहीत. बाकीच्या मागवाव्या लागतील, एकेक करून. आणि जोडणार कोण?"

"माझी मैत्रीण."

"त्या कुठं असतात?"

मी सांगितलं. तो हसला नाही, उलट समजूत घातल्यासारखं बोलला. "हा पाहा, तयार आहे. चालवून पाहिलेला आहे. बिघडला तर मी आहे. तुम्ही जोडाल, चालला नाही, तर कोणाकडं जाल?"

मी यादीची घडी करून परत खिशात ठेवली. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर होता. काचेआड निळे दिवे, पंखा इतका हळू की ऐकू येऊ नये. गेम सुरेख चालले. तीन आठवडे मी रोज खेळले आणि तिला काही कळवलं नाही.

शेवटी तिचाच फोन आला. भाचीच्या लग्नाला ती माहेरी आली होती. "उद्या नेरले येतो," ती म्हणाली. "पेचकस घेतला हाय सोबत. तू सामानाचं पाह्य, एका दिवसात काय काय भेटते ते."

मी सांगून टाकलं. पलीकडं लग्नघरातली गडबड ऐकू येत होती.

"चालते का बरा?" तिनं मग विचारलं.

"चालतो."

"मंग झालं." आणि थोड्या वेळानं, "तरी येतो मी. तुले त पाह्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी ती मुलीला कडेवर घेऊन उतरली. वाळली होती, हातांवर उन्हाचा रंग चढला होता. आल्या आल्या तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं नाही. चहा घेतला, माझ्या खोलीभर नजर फिरवली, मी एकटी काय शिजवते ते विचारलं. मग पिशवीतून पेचकस काढला आणि झाकण खोलून आत वाकली. मी मुलीला घेऊन बाजूला उभी राहिले.

"वायरी पाह्य कशा कोंबल्या," ती म्हणाली. "दिसते तितकं साफ केलं, मांगून सारा गुंता."

तिनं मागची बाजू खोलली, एकेक वायर सोडवली आणि माझ्या जुन्या ओढणीच्या काठाच्या पट्ट्या कापून नीट बांधली. दोन तास गेले. मी पट्ट्या देत होते. मधेच ती म्हणाली, "काहून नाही थांबली व?"

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मले वाटलं, तू आता येत नाही."

तिनं मान हलवली. "मलेबी तसंच वाटून राह्यलं होतं," ती म्हणाली आणि पुढची वायर हातात घेतली.

झाकण लावल्यावर आम्ही गाड्यांचा गेम लावला. आता आवाज होता, खराखुरा, खोली भरून टाकणारा. ती गप्प बसून खेळली. चार वाजता तिला निघावं लागलं. बसच्या खिडकीतून तिनं मुलीचा हात धरून हलवला.

त्याला आता तीन वर्षं होतील. ती परत नेरला आली नाही, मी एकदा मुकुटबनला जाऊन आले. कॉम्प्युटर उत्तम आहे. एकदाही बंद पडला नाही, दुकानदाराकडं जायची वेळच आली नाही. कधी कधी मला वाटतं, पडावा. मागच्या थंडीत पंखा जरासा घरघरला तेव्हा मी दुकानात फोन न करता तिला लावला आणि मोबाईल कॅबिनेटपाशी धरला. तिनं ऐकलं.

"धूळ हाय. ब्रशानं झाड, ठीक होते."

झाडल्यावर तो ठीक झाला. मी फोन ठेवला नव्हता, तिनंही नाही. तिची मुलगी शाळेत जायला लागली आहे, असं तिनं सांगितलं, आणि मग आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.